उलट्या आकाशाची दोन वर्षे

मित्रांनो, मी तारे दाखवणारा एक जुना प्रोजेक्टर आहे आणि तुमच्यावर जरा रागावलेलो आहे. का, ते सांगतो.

भिवंडीतल्या एका बागेत, घसरगुंडीच्या मागे, एक पांढरा घुमट आहे. त्याच्या मधोमध मी उभा असतो. माझे डोके म्हणजे पोकळ गोळा. त्याला हजारो बारीक भोके आहेत. आत दिवा लागला की प्रत्येक भोकातून एक तारा घुमटावर उमटतो. खालची मोटार मला फिरवू लागली की सगळे आकाश सरकते. तुमची अख्खी रात्र मी दहा मिनिटांत उरकतो.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पहिला तारा दिसला की सगळा घुमट "अय्या!" म्हणायचा. माझी देखभाल करणारे केसरीनाथकाका मानकोलीहून येतात. ते मला रोज मऊ फडक्याने पुसायचे, अजूनही पुसतात. पण पुढे पुढे लोकांचे लक्षच उडाले. अंधार झाला की कोणी मोबाइलची बत्ती लावतो, कोणी वेफर्सची पाकिटे फोडतो. एक गृहस्थ दर रविवारी दारातच विचारतात, "भाई, एसी चालू है ना?" यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेले लूम कामगार इथे झोपतात, त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना झोप हवीच असते. पण जागे असलेल्यांचे काय?

दोन वर्षांपूर्वी माझी मोटार जळाली. तिचे सुटे भाग मिळेनात. काकांनी ती लूमच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीकडून, आत नवी तार गुंडाळून, भरून आणली आणि स्वतःच्या हाताने जोडली. जोडताना दोन वायरींची अदलाबदल झाली. मी उलटा फिरू लागलो!

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली असेल! सूर्य पश्चिमेला उगवू लागला. भिंतीवर हातभर मोठ्या अक्षरांत 'पूर्व' आणि 'पश्चिम' लिहिले आहे. रेकॉर्डिंगमधल्या बाई गोड आवाजात "पूर्वेला पाहा" म्हणत, तेव्हा माझे तारे पूर्वेला मावळत असत. दिवसाला तीन खेळ, दोन वर्षे. शाळा आल्या, पाहुणे आले. "छान आहे" असे वहीत लिहून गेले. कोणी म्हणजे कोणीही एका शब्दाने विचारले नाही. काका पाठ करून बटणांपाशी बसत, आणि मला तोंड नाही. मी नुसता गरगरत होतो.

मग गेल्या महिन्यात दिघाशीची शाळा आली. सोबत त्यांच्या शिक्षिका विनिताबाई होत्या, आणि पोषण आहार शिजवणाऱ्या, पाड्यावरच्या गोदूमावशी. मावशी पहिल्यांदाच आल्या होत्या. मान मागे टाकून त्यांनी थोडा वेळ पाहिले आणि एकदम मोठ्याने म्हणाल्या, "बाई, ह्ये खोटं हाय!"

"शू! मावशी, रेकॉर्डिंग चालू आहे," विनिताबाई कुजबुजल्या.

"आसूं द्या. ती चार चांदण्यांची बाज बघा, नि मागचे तीन चोर." मावशी सप्तर्षींकडे बोट दाखवत होत्या; बाज म्हणजे खाट. "बाज फुडं चालते, चोर मागनं येतात. हितं तर बाजच चोरांच्या मागं लागलीय! नि समद्या चांदण्या मावळतीकून वर येतात. आसं कुठं आसतं का?"

पोरे खो खो हसली. केसरीनाथकाका वळून म्हणाले, "मावशी, मशीन परदेशी आहे. ते चुकत नाही."

मला इतका संताप आला की वाटले, दिवा फोडून घ्यावा!

तेवढ्यात सहावीतली सरू उभी राहिली. "बाई, मावशी बरोबर बोलते. गेल्या वर्षी पेपरात तारे कुठं उगवतात विचारलं, तेव्हा मी आधी 'पूर्व' लिहिलं होतं. मग हितलं आठवलं नि खोडून 'पश्चिम' केलं. तुम्ही फुली मारलीत. मी सांगत होते, तारामंडळात बघितलं म्हणून. तुम्ही वर्गात म्हणालात, खोटं बोलू नकोस."

कोणीच हसले नाही. काकांनी भिंतीवरची अक्षरे पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. त्यांच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. "बघतो नंतर" म्हणून खेळ तसाच पुढे चालू ठेवता आला असता. त्यांनी रेकॉर्डिंग बंद केले आणि दिवे लावले.

"पोरांनो, मावशींचं खरं आहे," ते म्हणाले. "मोटार मीच जोडली होती. चूक माझी आहे."

विनिताबाई सरूजवळ गेल्या. सगळ्या वर्गासमोर त्या म्हणाल्या, "सरू, तू खोटं बोलली नव्हतीस. मीच तुझं ऐकून घेतलं नाही. चुकले मी." सरूने ओढणीने डोळे पुसले.

काकांनी माझी वीज बंद केली, गुडघ्यावर बसून वायरी बदलल्या आणि पुन्हा अंधार केला. दोन वर्षांनी मी सरळ फिरलो. मित्रांनो, ते सुख मला सांगता येणार नाही.

"आता तुम्हीच सांगा, मावशी," काका म्हणाले. मावशी आधी लाजल्या, मग अर्धा तास बोलल्या. कुठली चांदणी कधी दिसते, कुठली दिसली की भात कापायचा, सगळे सांगितले. एकाही पोराने पाकीट फोडले नाही.

तर मित्रांनो, मला पुसा, तेलपाणी करा, हे मी सांगणार नाही. त्याला काका आहेत. माझे मागणे एवढेच आहे की माझ्याकडे आलात तर वर बघा. आणि मी चुकलेला दिसलो, तर भर अंधारात, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगा. यंत्राला आपली चूक स्वतःहून सांगता येत नाही. पण तुम्हाला तर तोंड आहे ना!