अंधारात चालेल असा कीबोर्ड

काकू दुकानात शिरल्या त्या मनाशी ठरवूनच. कीबोर्ड घ्यायचा, बिनवायरचा घ्यायचा, आणि सारखं चार्जिंग करून ज्याच्या मिनतवाऱ्या कराव्या लागणार नाहीत असाच घ्यायचा. दिवे, रंग, चमकधमक यांच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. मागून काका आले. गळ्याभोवती मऊ रुमाल, हात पाठीमागे बांधलेले, आणि चेहरा बळेच ओढून आणलेल्या पाहुण्याचा.

काका भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कोबी-टोमॅटोच्या ढिगांपाशी उभं राहून ओरडण्यात घालवली होती. आवाज असा, की पलीकडच्या रस्त्यावरून जाणाराही वळून बघायचा. मग घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी गाठीबरोबर स्वरयंत्रही काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला तो गेलाच.

त्यानंतर बोलण्याचं सगळं काम काकूंच्या अंगावर पडलं, आणि खोटं कशाला बोला, त्यांनी ते हौसेने उचललं. कुणी काकांना विचारलं, बरं आहे का, की काकू म्हणत, बरं आहे. चहा घेणार? नको, त्यांचा आत्ताच झालाय. काका कागद ओढून उत्तर लिहायला घेत, तोवर विषय चार घरं पुढे गेलेला असे. हळूहळू त्यांनी कागद ओढणं सोडलं. मान तेवढी हलवत, तीही कमी कमी. भाच्याने फोनमध्ये एक सोय करून दिली होती, लिहाल ते फोन मोठ्याने वाचून दाखवायचा. पण काकांची बोटं म्हणजे गाजरं. एका अक्षरावर ठेवलं की तीन उमटत. फोन भलतंच बडबडायला लागला, तसा काकांनी तोही बाजूला सारला.

काकूंनी धास्ती घेतली ती इथून. आवाज गेल्याचं दुःख त्यांनी गिळलं होतं. पण ज्याच्याशी दोन शब्द भांडल्याशिवाय दिवस सरत नसे, तो माणूस आता कशालाच नाही म्हणत नव्हता. हा बोलायचंच सोडून देणार, या भीतीने त्यांना घास गोड लागेना. मोठ्या बटणांचा कीबोर्ड फोनला जोडून बघा, असं दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी काकूंनी काकांना कोट घालायला लावला.

दुकानदारीण तिशीची होती, चष्मा कपाळावर चढवलेला. "कुणासाठी हवाय?"

"यांच्यासाठी. हे बोलत नाहीत. म्हणजे बोलतील, पण सध्या मीच बोलते."

"काका, कसा हवाय तुम्हाला?"

"बॅटरी टिकणारा," काकू म्हणाल्या.

दुकानदारणीने चार-पाच कीबोर्ड काउंटरवर मांडले. त्यातला एक काळा, चांगला ठसठशीत बटणांचा. "यात बटणांखाली दिवेबिवे नाहीत, त्यामुळे महिनोन्‌महिने चार्जिंगचं नाव काढायला नको."

"बघा, हेच म्हणत होते मी. हाच बांधून द्या."

काकांनी मान हलवली. नाही, अशी. मग त्यांनी दुसरा कीबोर्ड उचलला, कोपऱ्यातलं एक बटण दाबलं, कोट उघडला आणि कीबोर्ड सरळ आत घातला. वरून कोट ओढून घेतला आणि त्यात डोकं खुपसून बघू लागले. दुकानातली गिऱ्हाइकं वळली. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, लोकांना वाटेल चोरी करताय."

काकांनी डोकं बाहेर काढलं, तो कीबोर्ड ठेवला, तिसरा उचलला आणि पुन्हा कोटात शिरले.

"यांना घ्यायचाच नाहीये," काकू दुकानदारणीला म्हणाल्या. "नसते चाळे करतायत. माझ्या समाधानासाठी आलेत नुसते."

दुकानदारीण काकांकडेच बघत होती. "काका, दिवे बघताय ना? इथल्या उजेडात नाही कळायचे. मागे माल ठेवायची खोली आहे, तिला खिडकी नाही. या."

खोलीत छतापर्यंत खोकी रचलेली होती. दुकानदारणीने तीन कीबोर्ड एका खोक्यावर ठेवले आणि दिवा बंद केला. पहिला पेटला तो निळा-जांभळा, नुसता झगझगाट. काकांनी तो लगेच दूर केला. दुसरा मंद होता, छान होता. काकांनी एक अक्षर दाबलं, पुढचं शोधायला लागले, आणि कीबोर्ड विझला.

"बॅटरी वाचवायला आपोआप विझतो," दुकानदारीण म्हणाली.

"यांना अक्षर शोधायला वेळ लागतो," काकू म्हणाल्या. हे मात्र त्या खरं बोलल्या.

तिसऱ्याची अक्षरं फिकट पांढरी होती, उजेड कमी-जास्त करता येत होता, आणि तो विझत नव्हता. "याचं एकच आहे. रोज दिवे लावून वापरलात, तर दर आठवड्याला चार्ज करावा लागेल."

"आठवड्याला? आणि ऐन बोलण्यात बंद पडला म्हणजे? अहो, घरात काय दिवे नाहीत? खोलीतला दिवा लावायचा आणि बोलायचं."

बाहेर कुणीतरी हाक मारली. दुकानदारणीने कीबोर्ड काकांच्या फोनला जोडून दिला, "बोलून तर बघा," म्हणाली आणि दार ओढून घेऊन गेली. काकू भिंतीवर दिव्याचं बटण चाचपू लागल्या. मागे बटणांची टकटक झाली.

"अगं," फोन म्हणाला.

काकूंचा हात भिंतीवरच राहिला. त्यांना अगं म्हणणारं माणूस आता एकच उरलं होतं, आणि ऑपरेशनपासून त्यानेही ते म्हटलं नव्हतं. हाच हवाय ना तुम्हाला, हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. कसं कोण जाणे, त्यांनी ते आवरलं. टकटक बराच वेळ चालली.

"दिवा मालवल्यावर मी झोपत नाही," फोन म्हणाला. आवाज सपाट होता, गाडीची वेळ सांगावी तसा. "ऐकत असतो."

काकूंनी भिंतीवरचा हात खाली घेतला. दिवसभर त्या हसऱ्या तोंडाने वावरत. दिवा मालवला, काकांचा श्वास संथ झाला, की छताकडे बघत एकट्याच बोलत. शेजारणीच्या कागाळ्या, भावावरचा राग. आणि मग, अगदी हळू, रोज तेच: मी तुम्हाला नकोशी झालेय का, म्हणून गप्प झालात का? उत्तर येणार नाही या भरवशावरच विचारलेलं. उत्तर द्यायचं तर काकांना दिवा लावायला हवा, चष्मा शोधायला हवा, कागद हवा. आणि दिवा लागता, तर काकूंनी तोंडातून अवाक्षर काढलं नसतं.

"सगळं ऐकलंत?"

"सगळं. तुझ्या भावाबद्दल म्हणतेस ते चूक आहे."

"काय चूक आहे? त्याने आईच्या आजारपणात..." काकू उसळल्या, आणि उसळता उसळता त्यांना इतकं बरं वाटलं की वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

"थांब. आधी दुसरं."

काकू एका खोक्यावर बसल्या. अक्षरांच्या उजेडात काकांची जाड बोटं तेवढी दिसत होती. एक अक्षर शोधत, दाबत, पुढचं शोधत. काकूंनी आयुष्यात इतका वेळ कुणाच्या वाक्याची वाट पाहिली नव्हती.

"नकोशी नाहीस," फोन म्हणाला. "मध्ये मध्ये थांबत जा. मलाही बोलायचंय."

काकू रडल्या. अंधार होता, लपवायचं काही कारण नव्हतं.

दारावर टकटक झाली. दार किलकिलं करून दुकानदारणीने विचारलं, "काकू, ठरलं का काकांचं? कुठला देऊ?"

काकूंनी तोंड उघडलं, आणि मिटलं. बाहीने डोळे पुसले.

"त्यांनाच विचारा," त्या म्हणाल्या. "लिहायला वेळ लागतो त्यांना. जरा थांबावं लागेल."