गढीबाहेरची लढाई

दगड तुम्ही नेले, साहेब, आणि धोका आमच्यापासून आहे म्हणालात. कामठ्याच्या गढीचा अर्धा बुरूज तुमच्या बंगल्याच्या कुंपणात बसलाय, सारा गाव जाणतो. आणि गोरे जाऊन दहा वर्षं झाल्यावर केवळरामाच्या नाटक मंडळीनं तिथं खेळ मागितला, तर गढी सांभाळणारे अंमलदार म्हणून तुमचा हुकूम आला: भिंती नाजूक आहेत, कोणत्याही नटानं गढीत पाय ठेवू नये.

केवळराम खचला. या गढीवर गोऱ्यांशी झालेली लढाई मंडळीनं केशोरीपासून दरेकशापर्यंत मांडवात खेळली होती. पण गावातल्या म्हाताऱ्या रामबाईला त्यानं शब्द दिला होता कामठ्याचा. तिचा पणजा त्या लढाईत गढीच्या याच फाटकात पडला होता. "मी मराच्या आधी तेथंच दाखव रे केवळ," एवढंच तिचं मागणं.

हुकूम ऐकून तीच हसली. "नटाले बंदी आहे ना? पाहणाऱ्याले त नाई! आमी वर बसतो, तुमी खाली बांधीत लढा."

धान कापून गढीसमोरच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मोकळ्या झाल्या होत्या. भर दुपारी खेळ लागला. गाव गढीच्या भिंतींवर चढून बसला. फाटकाबाहेर रामबाईचा पणजा झालेला, खुशाल नावाचा नट तलवार उपसून उभा. तोंडाला सफेदा फासलेला, लाल कोटातला गोरा कप्तान म्हणजे खुद्द केवळराम. नेहमीच्या खेळात खुशाल हटत हटत रंगवलेल्या फाटकाच्या आत जाऊन पडायचा आणि कप्तान गढीचं निशाण उतरवायचा. आज आत जायचं कसं, हे तयारीच्या धांदलीत कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

खुशाल उंबऱ्याशी आला, तशी फाटकावर ठेवलेल्या तुमच्या शिपायानं काठी आडवी घातली. "अंदर जाना मना है!"

"मंग मी मरू कोठं?"

भिंतीवर हशा पिकला. केवळरामाला वाटलं, म्हातारीला दिलेला शब्द मातीत गेला. तेवढ्यात वरून तीच कडाडली, "मांगं जागा नाई त समोर चाल ना, बाप्पा! उभा काऊन राहिला?"

खुशाल समोर चालला. "हाण गोऱ्याले!" भिंती ओरडल्या. केवळरामाला माघार घेणं पाठ नव्हतं, तरी तो सरला. एक बांधी सरला, दुसरी सरला, दोन बांध्यांमधल्या धुऱ्याला अडखळून लाल कोटासकट उताणा पडला, आणि पडल्या पडल्या त्याला दिसलं, रामबाई भिंतीवर उभी होती, पदराचं भान नव्हतं तिला. शिपाईसुद्धा काठी काखेत मारून टाळ्या पिटत होता.

खाली उतरून तिनं खुशालचा हात धरला. "आज माहा पणजा मेला नाई."

"इतिहास खोटा दाखवला, जबाब द्या," असा तुमचा कागद आला आहे. केवळरामानं तो घडी करून लाल कोटाच्या खिशात घातला, आणि सध्या तो मागं सरायची तालीम करून राहिला. जबाब तुम्ही द्या, साहेब: दगड परत केव्हा आणता, आणि फाटक केव्हा उघडता?