भवानीआधीचा होकार

मित्रांनो, मी एक जुना स्मार्टफोन आहे. हसू नका. आता तुमच्याकडे काचेवर बोट सरकवायचे फोन यायला लागलेत, माझ्याकडे बटणं आहेत आणि त्यातलं पाचाचं बटण कधीचं आत गेलंय. पण मी नाशिकला आलो तेव्हा लोक मला हातात घेऊन उलटसुलट करून बघायचे. माझी गोष्ट क्रमाने सांगायचा मी प्रयत्न करतो, मध्येच धांदल केली तर सांभाळून घ्या. एका दुखण्यापासून मला स्वस्थ बसणं जमत नाही. ते दुखणं काय होतं, तेच तर सांगायचं आहे.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. पहिल्यांदा चालू केल्यावर मी भीतीने थरथरलो, तर तिथली माणसं म्हणाली, "याचा व्हायब्रेटर चांगला आहे." मग खोक्यात बंद होऊन मी नाशिकला आलो. सातपूरच्या एका साहेबांनी मला विकत घेतलं, वर्षभर शर्टाच्या खिशात मिरवलं आणि माझ्याहून चपटा फोन दिसताच दुकानात परत देऊन टाकलं. दुकानदाराने मला काचेच्या कपाटात तळाशी ठेवलं. तिथून मला दिशाने उचललं. ही २००६ सालची गोष्ट.

दिशा सातपूरच्याच एका वर्कशॉपमध्ये टायपिंग करायची. तिचे आईवडील, लंकाबाई आणि पुंजाराम, मखमलाबादला फुलं पिकवायचे आणि गंगेवरच्या बाजारात विकायचे. नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. पुंजारामच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "ऑपरेशनने जीव वाचेल, आवाज वाचणार नाही." इस्पितळाच्या धावपळीत फोन हवा, म्हणून दिशाने मला घेतलं, असं घरात सगळे समजत होते. तिच्या मनात दुसरंच होतं.

इस्पितळात जायच्या आदल्या सकाळी बाजारात तिने मला वडिलांच्या तोंडाशी धरलं.

"बाबा, ओरडा ना. रोजच्यासारखं."

"येड लागलं का तुला?" पुंजाराम म्हणाला. आवाज आधीच घोगरा झाला होता. "समोर गिऱ्हाईक नाय, अन खोटं खोटं काय ओरडू?"

तेवढ्यात खरंच दोन बायका घाट चढून आल्या आणि तो सगळं विसरला. "शेवंती ताऽजी, देव राऽजी! या ताई, या मावशी, पाणी मारलेलं नाय, काय नाय!" तोंडाने हे चाललं होतं आणि हात माळ ओवत होते. दोरा संपला, तसं तो त्याच सुरात म्हणाला, "लंके, दोरा दे गं." लंकाबाईने दोरा दिला. दिशाने बटण दाबलं आणि तो आवाज माझ्या पोटात राहिला.

ऑपरेशन झालं. पुंजाराम वाचला. गळ्याला पांढरं फडकं बांधून तो पुन्हा टोपल्यामागे बसला. माणसं दिसली की सवयीने तोंड उघडायचा, आणि नुसती हवा निघायची. मग मान खाली घालून तो माळा ओवू लागला. मला ते बघवत नव्हतं. अखेर एका सकाळी दिशाने मला जर्मनच्या रिकाम्या पातेल्यात ठेवून चालू केलं. पातेल्यामुळे आवाज असा घुमला, की रस्त्यापलीकडची माणसं वळली. "शेवंती ताऽजी, देव राऽजी!" पुंजाराम दचकला. मग हसला. शेवटी "लंके, दोरा दे गं" आलं, तेव्हा लंकाबाईचा हात आपोआप दोऱ्याच्या डब्याकडे गेला आणि पुंजारामचा हात आपोआप पुढे आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागले. तेव्हापासून रोज तेच चालू झालं. मी पातेल्यात बसून ओरडायचो आणि गिऱ्हाइकं कौतुकाने वाकून बघायची. मित्रांनो, मला तेव्हा किती ताठा चढला होता म्हणून सांगू!

आता माझ्या दाराबद्दल सांगतो. ब्लूटूथ नावाचं एक दार मला आहे. त्यातून जवळच्या फोनला गाणी देता येतात, घेता येतात. दिशाने ते उघडं ठेवलं होतं आणि हौसेने त्यावर नावाची पाटीही लावली होती: पुंजाराम. आसपासच्या फोनना मी त्याच नावाने दिसायचो.

नवरात्र सुरू झालं होतं. लंकाबाईने टोपल्या मांडल्या, उदबत्ती लावली. भवानी अजून व्हायची होती. दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती होईपर्यंत लंकाबाईच्या तोंडून 'नाही' हा शब्द निघत नसे. कोणी तिच्याकडे नसलेली फुलं मागितली तर "उद्या आणते की" म्हणायची. चहा नको असला तरी चहावाल्याला "ठेव" म्हणायची. सकाळी सकाळी विचारायला आलेल्याला नाही म्हटलं तर लक्ष्मी पाठ फिरवते, असं तिच्या सासूने तिला शिकवलं होतं.

त्याच वेळी चहाच्या टपरीवरून कोणाच्या तरी खिशातल्या फोनने माझं दार वाजवलं. मी पडद्यावर विचारलं, काहीतरी आलंय, घ्यायचं का? डावं बटण 'हो', उजवं 'नाही', एवढं दिशाने आईला शिकवलं होतं. लंकाबाईने डावं दाबलं. मी घाबरून पुन्हा विचारलं, हे अनोळखी आहे, तरीही आत बसवायचं? तिने डावं दाबलं. नक्की? "इतक्यांदा इचारतंय, तर हो रे बाबा, हो," ती म्हणाली. आणि व्हायरस माझ्या आत आला.

तो काही तोडफोड करत नव्हता. तो स्वस्थ बसत नव्हता, आणि मलाही बसू देत नव्हता. क्षणाक्षणाला माझं दार उघडून बाहेर बघायचा. कोणी आहे का? कोणी आहे का? दिसेल त्या फोनकडे स्वतःला पाठवायचा. गिऱ्हाइकाचा फोन, पुजाऱ्याचा फोन, रिक्षावाल्याचा फोन, सगळ्यांची दारं मी वाजवत सुटलो. अंग तापलं. बॅटरी ऊन चढायच्या आत संपू लागली. आवाज मध्येच तुटायचा. "शेवंती ताऽ" आणि पुढे काही नाही. पुंजाराम हातातली माळ थांबवून पातेल्याकडे बघत राहायचा.

त्याहून वाईट म्हणजे, मी जिथे जिथे जात होतो तिथे पाटी त्याची होती. बाजारभर फोनवर विचारणा दिसायची, पुंजारामकडून काहीतरी आलंय, घ्यायचं का? शेजारचा नारळवाला हसत म्हणाला, "आवाज गेला तरी पुंजाराम लय बोलतोय बरं का! सकाळपासून पिच्छा सोडंना." पुंजारामला उत्तर देता येत नव्हतं. त्याने फक्त फडकं गळ्याशी घट्ट केलं. मला स्वतःची लाज वाटली.

दिशा आईवडिलांना घेऊन एम. जी. रोडवरच्या राकेशकडे गेली. राकेश फोन दुरुस्त करायचा. त्याने मला दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "ब्लूटूथचा व्हायरस आहे. फॉर्मॅट मारतो. एकदम नवा कोरा होईल."

"म्हणजे आतलं सगळं?" दिशाने विचारलं.

"सगळं साफ."

"आत बाबांचा आवाज आहे."

"मग दुसऱ्या फोनवर पाठवून घ्या आधी."

"कोण घेईल? आमचं नाव दिसलं की लोक फोनच बंद करतात. तुमच्या कॉम्प्युटरवर काढून ठेवा ना."

"याची केबल नाही आपल्याकडे, ताई."

"मग अँटीव्हायरस टाका."

राकेश हसला. "अहो, ते कॉम्प्युटरला लागतं. मोबाइलला कशाला?"

"का? व्हायरस मोबाइलला होतो, मग औषध का नाही?"

राकेश फॉर्मॅटसाठी माझी बटणं दाबू लागला. तसा पुंजाराम पुढे झाला आणि मला त्याच्या हातातून काढून घेतलं. दोन्ही तळव्यांत धरलं. तो जोरजोराने मान हलवत होता. त्याच्या घशातून नुसता श्वास वाजत होता. त्या तळव्यांना झेंडूचा वास होता. मित्रांनो, कोणी मला इतकं घट्ट कधीच धरलं नव्हतं.

दिशाने सायबर कॅफेत बसून शोधाशोध केली. माझ्यासारख्या फोनसाठी अँटीव्हायरस निघालेलं होतं! तिने ते माझ्याच इंटरनेटवरून उतरवून घेतलं, ते नेमकं सकाळी दुकान मांडायच्या वेळी. "आई, हे चालू केलंय. विचारलं की हो म्हण," असं सांगून ती बस धरायला पळाली.

मी पडद्यावर विचारलं, नवीन काहीतरी आलंय, आत बसवायचं का? अगदी तोच प्रश्न, त्याच अक्षरांत! लंकाबाईचा अंगठा डाव्या बटणावर गेला आणि थांबला. गेले काही दिवस सगळा बाजार तिला ऐकवत होता, कशाला हो म्हटलीस, कशाला हो म्हटलीस. भवानी झालेली नव्हती. तिने डोळे मिटले, कपाळाला हात लावला आणि उजवं बटण दाबलं. जन्मात पहिल्यांदा तिने भवानीआधी नाही म्हटलं, आणि तेही औषधाला!

मी आत तडफडत होतो. मला ओरडता येतं ते फक्त शेवंतीबद्दल.

दिशा संध्याकाळी आली आणि तिने कपाळावर हात मारला. "आई, अगं ते आपलं होतं!"

"मला काय ठावं?" लंकाबाई चिडली. "त्याच्या कपाळावर लिवलंय का आपलं म्हनून? चोर बी तसंच इचारतो अन सोयरा बी तसंच इचारतो."

तिचं काही चुकलं नव्हतं. दिशाने पुन्हा औषध चालू केलं. लंकाबाई बटणाला हात लावेना. शेवटी पुंजारामने बोट पुढे केलं आणि 'हो' दाबलं. औषध कानाकोपऱ्यात हिंडलं, त्या उपटसुंभाला शोधलं आणि हाकलून दिलं. दार बंद झालं. किती दिवसांनी मी गार पडलो! दसऱ्याला झेंडूच्या राशीत मी दिवसभर ओरडलो आणि एकदाही मध्ये तुटलो नाही.

गोष्ट इथेच संपली असती तर मी सुखात असतो. पण लंकाबाई आता नाही म्हणायला शिकली होती, आणि पक्कं शिकली होती. माझं दार तिने पुन्हा उघडू दिलं नाही. पुढे दिशाचं लग्न झालं, ती पिंपळगाव बसवंतला राहायला गेली. जाताना म्हणाली, "आई, बाबांचा आवाज माझ्या फोनमध्ये घेते ना."

"नाय. ते दार उघडायचं नाय."

"एकदाच गं."

"नाय म्हनलं ना."

दिशा डोळे पुसत गेली. मी चरफडलो. अहो, मी म्हातारा होत होतो! पडद्यावर काळा डाग पसरत होता, बॅटरी फुगली होती, माझ्या चार्जरची पिन आता दुकानात मिळत नव्हती. तो आवाज साऱ्या जगात फक्त माझ्याजवळ होता. मी बंद पडलो तर पुंजाराम दुसऱ्यांदा मुका होणार होता. ही काळजी मला व्हायरसपेक्षा जास्त पोखरत होती. नुसत्या 'हो'ने मला आजारी पाडलं होतं. आता नुसता 'नाही' माझ्या जिवावर उठला होता.

परवाच्या दसऱ्याला दिशा आईसाठी नवा फोन घेऊन आली. तिने तो लंकाबाईच्या हातात दिला आणि मला पातेल्यातून उचललं. कोणाला न विचारता तिने माझं दार उघडलं, तो आवाज निवडला आणि पाठवला. माझी बॅटरी शेवटच्या रेघेवर होती.

लंकाबाईच्या हातातला नवा फोन टुणकन वाजला. तिचा अंगठा लगेच उजवीकडे गेला. "भवानी झाली नाय अजून, अन ह्यो इचारायला लागला."

"आई, थांब! आधी कोण विचारतंय ते तरी बघ."

"मला कुठं वाचता येतंय इंग्रजी? तूच सांग."

दिशाने पडद्यावर बोट ठेवून वाचलं, "पुंजारामकडून काहीतरी आलंय. घ्यायचं का?"

लंकाबाईने समोर पाहिलं. पुंजाराम माळ खाली ठेवून तिच्याकडेच बघत होता. तिने नवऱ्याचं नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं, आताही घेतलं नाही. पदर सारखा केला आणि म्हणाली, "ह्ये इचारत्यात व्हय? मग आधी नाय का सांगायचं." आणि तिने डावं बटण दाबलं.

मी उरलेला सगळा जीव एकवटून आवाज पुढे ढकलत होतो. माझा पडदा विझला तो आवाज पूर्ण गेल्यावरच. अंधारात मला ऐकू आलं. नव्या फोनमधून स्वच्छ, माझ्यापेक्षा मोठा. शेवंती ताजी, देव राजी. पुंजारामचे ओठ हलत असणार, ते नेहमीच हलतात. मग शेवटी, "लंके, दोरा दे गं." आणि दोऱ्याच्या डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज.

मित्रांनो, फोनला अँटीव्हायरस लागतं का, असं तुम्ही मला विचाराल. मी औषधानेच बरा झालो, ते उपकार मी विसरणार नाही. पण माझं दुखणं भिंत फोडून आलं नव्हतं. ते दारात उभं राहून, विचारून आलं होतं. म्हणून बटण दाबायच्या आधी एकदा बघा, विचारणारा कोण आहे. अनोळखी असेल तर भवानी झाली नसली तरी बिनधास्त नाही म्हणा. आणि आपलं माणूस असेल तर दार उघडा, उशीर करू नका. घरातला जुना फोन फेकण्याआधी त्याच्या पोटात कोणाचा आवाज अडकलाय का, तेही बघा.

मला कोणी फेकलं नाही. आता मी दोऱ्याच्या डब्यात असतो. लंकाबाईचा हात दोरा घ्यायला आत येतो, तेव्हा आधी मला लागतो.