पाच कार्बनची साखळी

मी कार्बनचा गोळा बोलतोय. लाकडाचा, काळा, लिंबाएवढा, चार भोकांचा. आम्ही सहा भावंडं एकाच सुताराच्या हातची. हायड्रोजनचे पांढरे गोळे मात्र पेटीत पैशाला पासरी.

रसायनशास्त्राच्या सरांकडे माझी हयात गेली. ते रेणूचं नाव वाचायचे आणि मुलांनी तो आमच्यातून उभा करायचा. नाव म्हणजे पत्ता, असं ते म्हणत. ब्युटेन म्हटलं की चार कार्बनची साखळी. आकडा सांगेल त्या कार्बनवर फांदी. सर्वांत लांब साखळीवरूनच नाव पडतं, हे तर ते घोकून घेत. मुलं आम्हाला काड्यांनी जोडत आणि सरांची पाठ फिरली की एकमेकांना फेकून मारत.

एका वर्षी वर्गातल्या एका मुलीची दृष्टी आजारपणात गेली. वडील तिचा विषय बदलून घ्यायला आले. सरांनाही ते पटत होतं, पण ती हटून बसली. शेवटी सरांनी पेटी तिच्यापुढे ठेवली आणि जुन्या वहीतला प्रश्न वाचला: टू-इथाइलब्युटेन. जमलं तर राहायचं, नाहीतर वडिलांबरोबर निघायचं.

तिने चौघांना जोडलं. दुसरा मी, माझ्यावर दोन कार्बनची फांदी लावली. सर "बरोबर" म्हणाले, तरी तिची बोटं थांबेनात. फांदीच्या टोकापासून माझ्यावरून पलीकडे ती पुन्हा पुन्हा मोजत राहिली.

"सर, तुम्ही सांगितलात तसाच केलाय," ती म्हणाली. "पण फांदीकडून मोजलं तर साखळी पाचची होते. मग हे ब्युटेन कसं?"

सरांनी डोळे मिटून आम्हाला चाचपलं. फळ्यावर ते कायम आडवी रेघच मोजत आले होते. वळलेली साखळी त्यांना फांदी वाटली होती.

"तिला इथेच राहू द्या," ते वडिलांना म्हणाले. "वीस वर्षं हाच प्रश्न घालतोय मी. दोघातिघांनी लिहिलं होतं, असं नाव होऊच शकत नाही. मी त्यांना शून्य दिलं."

मला फार वाईट वाटलं. त्या मुलांची नावं सरांना आठवेनात, आणि उत्तरपत्रिका केव्हाच रद्दीत गेल्या होत्या.

सर जाऊन बरीच वर्षं झाली. मुलं आता पडद्यावर रेणू फिरवतात. मी कपाटात पडून आहे, एक भोक चिरलंय. स्वतःसाठी काही मागणं नाही. पण त्या दोघातिघांपैकी कोणी हे ऐकत असेल, तर सर शेवटपर्यंत तुम्हाला शोधत होते. त्यांच्या वतीने मीच सांगतो: तुमचं उत्तर बरोबर होतं.