एकोणीसशेचं लीप वर्ष

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला फरहाचा मुख्य विषय गणित, जोडविषय कॉम्प्युटर. जोडविषयाला विचारतो कोण? प्रयोगशाळेत सोळा मशीनं होती, पण सगळी प्लास्टिकच्या कव्हरात. ती कव्हरं निघायची बाहेरचे परीक्षक यायच्या दिवशी. तोवर प्रोग्राम वहीत लिहायचा आणि उत्तरही वहीतच. ते आणायचं गेल्या वर्षीच्या जर्नलमधून! वर्गातल्या समीक्षाने वरच्या वर्गातल्या केतनचं उतरवलं, केतनने आणखी कुणाचं, आणि कृष्णकांत सर जुन्याशी ताडून लाल सही ठोकायचे. सही नाही तर परीक्षा नाही, आणि वर्ष गेलंच म्हणून समजा.

फरहाने लीप वर्षांची यादी काढायचा प्रोग्राम स्वतः लिहिला, सायबर कॅफेत चालवला आणि आलं तेच उत्तर उतरवलं. सरांनी त्यावर काट मारली.

"एकोणीसशे कुठे गेलं?"

"सर, ते लीप वर्ष नव्हतं. शतकाला चारशेने भाग जावा लागतो."

"बाकी सगळ्यांच्या जर्नलमध्ये आहे. अक्कल काय तुला एकटीलाच आली? गणितवाली ना तू? मग इथे शहाणपण नको."

आता बोला. गणिताच्या पोरीने भागाकार करायचा नाही म्हणे.

फरहाने शिपाई काशीरामला विनवून एक कव्हर काढायला लावलं आणि सरांसमोर प्रोग्राम चालवला. १८९६, मग थेट १९०४.

सरांनी पडद्याकडे पाहिलं. "काशीराम, हे मशीन बिघडलंय. कव्हर घाल."

फरहाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर डोळ्यांत पाणी आलं, त्याचा तिला आणखी संताप आला. पण परीक्षा चार दिवसांवर होती. तिने दोन आकड्यांच्या मध्ये १९०० कोंबलं आणि सही घेतली.

परीक्षेला बाहेरून वसुंधरा मॅडम आल्या. जर्नलं चाळता चाळता फरहाच्या यादीवर थांबल्या.

"प्रोग्राम बरोबर आणि उत्तर चूक? म्हणजे चालवलाच नाहीस. बाकीच्यांचा प्रोग्रामच चुकलाय, पण निदान उत्तर त्याला धरून तरी आहे. तुझे मार्क कापावे लागतील."

म्हणजे चुकीचं उतरवणारे पास, आणि डोकं चालवणारी खोटी! कृष्णकांत सर शेजारीच उभे होते, खिडकीबाहेर बघत.

"मॅडम, चालवला होता," फरहा म्हणाली. "तो आकडा मी लिहिला, पण माझा नाही. ज्यांचा आहे त्यांची सही खाली आहे."