गेंचोच्या गाडीतला लाल ठिपका

"पाणी कशाला मारतेस त्याच्यावर?" म्हाताऱ्या गेंचोने बॉनेटखाली डोकं खुपसलं. "गाडी आहे ती, मिरचीचं रोप नव्हे."

दोब्रिनाने तिकडे लक्ष न देता फिरत्या पट्ट्यावर पाण्याचा फवारा मारला आणि कान दिला. करकर होती तशीच. पट्टा ओरडत असता तर ओला झाल्यावर त्याचा आवाज क्षणभर तरी बदलला असता.

"पट्टा ठीक आहे, काका. बेअरिंग गेलंय कुठलंतरी. आणि जरा मागे व्हा, उजेड अडवताय."

म्हातारा अर्धं पाऊल मागे सरला आणि लगेच एक पाऊल पुढे आला. काय बघायचंय याला एवढं? दोब्रिनाच्या मनात पाल चुकचुकली.

मेतोदी आजारपणात गेला त्याला आठ महिने झाले होते. गॅरेजच्या पाटीवर अजून नवऱ्याचंच नाव होतं, पाने मात्र हिच्या हातात. तुत्राकान गावच्या लोकांना ते काही पचत नव्हतं. बाईमाणसाने ऑइल बदलावं, चाकात हवा भरावी. इंजिनात हात घालणं म्हणजे अतीच झालं! गिऱ्हाइकं एकेक करून खालच्या रस्त्यावरच्या गॅरेजकडे वळत होती. आज हा आवाज सापडला नाही, तर गेंचो संध्याकाळच्या आत डॅन्यूबकाठच्या प्रत्येक बाकावर बातमी पोचवणार. मग शटर ओढायचं आणि राजधानीत, सोफियाला, बहिणीकडे जाऊन राहायचं, हे तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

आणि गेंचो तर जातीचा संशयी. चौतीस वर्षं बंदरावर धान्याच्या काट्याशी बसलेला माणूस. सख्ख्या भावाचं पोतंसुद्धा दोनदा तोलायचा. गाडी दुरुस्तीला द्यायच्या आधी तो बायकोच्या नेलपॉलिशने एकेका भागावर लाल ठिपका देऊन ठेवायचा. जुनाच भाग पुसून परत बसवला तर लबाडी पकडता यावी म्हणून! मेतोदी त्यावर पोट धरून हसायचा. मागच्या महिन्यात दोब्रिनाने त्याच्या गाडीचं ऑइल बदललं, तेव्हा 'तुझे हात सुखी राहोत' एवढंही न म्हणता तो चालता झाला. इथे साधं सूप वाढलं तरी माणसं तेवढं म्हणतात. तिला ते फार लागलं होतं.

तिने लांब स्क्रूड्रायव्हर घेतला. टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाशी धरायची, मेतोदीने शिकवल्याप्रमाणे. डायनॅमो नुसता गुणगुणत होता. पाण्याचा पंप शांत. पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीच्या बोल्टावर टोक ठेवलं मात्र, रिकामं जातं फिरवल्यासारखी खरखर थेट कानात शिरली.

"सापडली! ही बघा तुमची कैदाशीण. ताणाची पुली."

गेंचोच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. त्याने टोपी काढली, परत घातली. "बाहेर काढावीच लागेल का गं ती?"

"छे, मंत्र म्हणते ना! आतल्या आत बरी होईल."

इंजिन बंद करून तिने लांब पान्याने स्प्रिंग मागे रेटली आणि पट्टा उतरवला. पुली बोटाने फिरवून बघितली. ती लटपटत, खरखरत फिरली. आतलं ग्रीस केव्हाच संपलं होतं. तिने वरचं प्लॅस्टिकचं टोपण उचकटलं आणि तिचा हात थांबला. बोल्टाचे सहाही कोपरे खाल्लेले, झिजून गोल झालेले. पाना एकदा नव्हे, पाच-सहा वेळा निसटला होता.

"काका, गाडी कुणाकडे नेली होती?"

"कुणाकडेच नाही."

"खोटं बोलू नका. मेतोदीने उभ्या जन्मात एक बोल्ट असा खाल्ला नाही. खालच्या गॅरेजात वाट लावून आणलीत आणि आता माझ्या गळ्यात मारताय!"

"येव्काची शपथ."

"काकूंची शपथ तुम्ही पत्त्यांतसुद्धा घेता."

गेंचो जाऊन जुन्या टायरवर बसला. दोब्रिनाने किंचित लहान सॉकेट बोल्टावर हातोडीने ठोकून बसवला, सगळं वजन टाकलं, बोटाचं सालटं निघालं, पण बोल्ट हलला. पुली हातात आली. फडक्याने काजळी पुसली, आणि कडेला लाल ठिपका दिसला. दोन वर्षांपूर्वीचा, काळपट पडलेला.

तो दिवस तिला चांगला आठवत होता. ती मागच्या अंगणात हिवाळ्यासाठी मिरच्या भाजत होती आणि मेतोदी दारात येऊन म्हणाला होता, "गेंचोची गाडी झाली गं. पट्टा, पुली, दोन्ही नवं टाकलं." मग हा ठिपका इथे कसा? पुली बदललीच नव्हती! मेतोदी फसवायचा? आणखी किती जणांना फसवलं असेल? अख्ख्या गावाने ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकला, तो माणूस?

थिनरची बाटली हाताशीच होती. एकदा फडकं फिरवलं की ठिपका गेला असता. तिने हात पुढे केलासुद्धा.

तेवढ्यात तिची नजर वरच्या फळीवर गेली. धूळ पुसताना कितीदा तरी हलवलेलं एक खोकं तिथे होतं. वर मेतोदीचं वाकडंतिकडं अक्षर: 'गेंचो, पांढरी गाडी.' तिने ते खाली काढून फोडलं. आत कोरी करकरीत पुली, नव्या बोल्टासकट.

लबाडी करणारा माणूस नवी पुली आणून तिच्यावर गिऱ्हाइकाचं नाव लिहून ठेवत नाही. तिने त्या वेड्यावाकड्या अक्षराकडे पाहिलं, मग खाल्लेल्या बोल्टाकडे. पाना मेतोदीच्याच हातातून निसटला होता, हे तिला उमजलं.

तिने जुनी पुली गेंचोसमोर धरली. "हा ठिपका तुमचाच ना?"

"माझाच."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"त्या दिवशी सिगारेट ओढून परत आलो, तर मेतोदी या कोपऱ्यात उभा होता," गेंचो हळूच म्हणाला. "उजवा हात डाव्या हाताने दाबून धरलेला. परत पाना लावला, परत निसटला. मी तसाच मागे फिरलो, आणखी एक सिगारेट ओढली आणि मोठ्याने खोकत आत आलो. 'दोन्ही बदललं,' म्हणाला. मी म्हटलं, तुझे हात सुखी राहोत. तर त्याने हसून हात खिशात घातले. तेव्हापासून ते शब्द माझ्या तोंडातून निघतच नाहीत गं."

"डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं ते पुढच्या वसंतात." दोब्रिनाने फडकं मुठीत चुरगाळलं. "अहो, मी अंगणातच होते! मिरच्या भाजत होते. एक हाक मारायची!"

"तुलाच तर कळू द्यायचं नव्हतं त्याला."

ती रडली. गेंचोने तिला रडू दिलं आणि तोवर टोपीची शिवण तपासत बसला.

"दोन वर्षं ही करकर ऐकत फिरलात?"

"येव्का गाडीत बसेना. आळीने शिव्या घातल्या. पण दुसऱ्या कुणी पुली खोलली असती तर गावभर झालं असतं, मेतोदी लबाड म्हणून. तुझा हात बसायची वाट बघत होतो. मागच्या महिन्यात तू नट आवळताना बघितलं आणि म्हटलं, आता चालेल."

तिने नाक पुसलं, मेतोदीने आणलेली पुली जागेवर बसवली, त्याच खोक्यातला बोल्ट आवळला आणि पट्टा चढवला. चावी फिरवली. इंजिन इतकं निमूट चाललं, की मागच्या अंगणातल्या कोंबड्या ऐकू आल्या. गेंचोने सवयीने खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत आत टाकली.

गाडी दारापर्यंत नेऊन त्याने थांबवली. काच खाली केली. दोन-तीनदा घसा खाकरला.

"दोब्रिना, तुझे हात सुखी राहोत."

तिने हात खिशात घातले नाहीत. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती ते तसेच, काळे आणि सालटं निघालेले, समोर धरून उभी राहिली.