चंद्रावरचा चाकरमानी

मांडवीच्या नाक्यावर पद्मजा आगाशेचा एसटीडी बूथ होता. गिऱ्हाईक केबिनमध्ये शिरलं की पद्मजा वही काढायची. तिला गोष्टी लिहायचा नाद होता, आणि साध्यासुध्या नव्हेत, जगात कधी घडल्या नाहीत अशा गोष्टी.

वाचनालयाच्या कल्पनाकथा स्पर्धेत ती सलग तीन वर्षं आपटली होती. गेल्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, परीक्षक दत्तात्रेय बापट सरांनी तिची कथा भर सभेत सोलून काढली. "पद्मजाबाई, उडती तबकडी मांडवीच्या जेटीवर उतरवली म्हणून ती आपली होत नाही. कल्पना शिळी आहे." लोक हसले. पद्मजाही हसली आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. यंदा शेवटची कथा पाठवायची, नाही जमलं तर सगळ्या वह्या रद्दीत, असं तिने स्वतःला बजावून ठेवलं होतं.

पण कल्पना काही मागून मिळते थोडीच! ती वेळणेश्वरला जाऊन दिवसभर समुद्राकडे बघत बसली, तर नाक तेवढं भाजून आलं. ढीगभर मासिकं चाळली, तर चांगल्या कल्पना आधीच कुणी ना कुणी उचललेल्या. जुलै आला तरी वही कोरीच.

अशाच एका रविवारी सकाळी मिरजोळ्याची तुळसा फोन करायला आली. तिचा नवरा विठू मुंबईला कारखान्यात होता. तुळसा दर रविवारी यायची आणि मुंबईपर्यंत आवाज आपल्यालाच पोचवायचाय अशा थाटात ओरडायची.

"जेवलाव काय? ... डब्यातला? ... पानी येतं ना? अर्दाच तास? ... आन् झोपता कसं सगली? पाळीपाळीनं? ... अगो बाई, पंदरा दिस ऊन नाय? मग कापडं सुकवता कुटं? ... बरं, गनपतीला सोडतील काय?"

पद्मजाने पेन खाली ठेवलं. डब्यातलं जेवण, मोजकं पाणी, पाळीपाळीने झोप, पंधरा दिवस सूर्य नाही. चंद्रावरची रात्र पंधरा दिवसांची असते हे तिने वाचलं होतं. पलीकडे मुंबई आहे हे ठाऊक नसतं, तर कुणीही म्हणालं असतं की ही बाई चंद्रावर फोन करतेय! आणि का करू नये? कोकणातला माणूस पोटासाठी चंद्रावर गेला तरी चाकरमानीच राहणार, आणि गणपतीच्या रजेसाठी तिथेही साहेबाच्या पाया पडणार. नवल शोधायला आपण वेळणेश्वर गाठलं आणि ते तर दर रविवारी समोर उभं राहून ओरडत होतं, याचं तिला हसू आलं आणि स्वतःचा रागही आला.

आठ दिवसांत कथा झाली. अलीकडचं बोलणं जसंच्या तसं तुळसाचं, पलीकडचं पद्मजाचं. पण न विचारता कुणाचं बोलणं उचलणं तिच्या जिवावर आलं. पुढच्या रविवारी तिने तुळसाला सगळं सांगून टाकलं. तुळसा आधी लाजली, मग म्हणाली, "चंद्रावर? लिवा की. तितं शेजारनी तरी नसतील."

ऑगस्टमध्ये वाचनालयाच्या सभागृहात निवडक तीन कथांचं वाचन झालं. पद्मजाने आग्रहाने बोलावलेली तुळसा दुसऱ्या रांगेत बसली होती. पद्मजाची कथा शेवटची. चंद्रावरचा नवरा फोनवर सांगतो की यंदा रजा नाही, आणि मांडवीच्या बूथमधली बायको नुसतं 'बरं' म्हणते. तिथे कथा संपली.

बापट सरांनी घसा साफ केला. जन्मभर विज्ञान शिकवलेला माणूस. "कल्पना नवी आहे, मान्य. पण चंद्रावरून उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. तुमची ही बाई विचारते आणि लगेच उत्तर मिळतं. इथे कथा खोटी पडते."

पद्मजाच्या तोंडचं पाणी पळालं. सेकंदांचा हिशेब तिने केलाच नव्हता. गेली ही कथापण, असं तिला वाटलं, तोच दुसऱ्या रांगेतून तुळसा उभी राहिली.

"अडीचच शेकंद, गुर्जी? मी ह्यांना शिमग्याला इचारलं, घरी कदी येताव म्हनून. आजून उत्तर यायचं हाय."

कुणी हसलं नाही. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "माझी हरकत मी मागे घेतो," ते म्हणाले. "कथा खरी आहे. पहिला क्रमांक."

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. पद्मजाला आनंदाने काही सुचेना. व्यासपीठावरून ती उतरली ती थेट तुळसाकडे गेली आणि सगळ्यांदेखत तिच्या गळ्यात पडली. तुळसाने तिला थोपटलं, पण तिच्या कपाळावरची आठी गेली नव्हती.

"समदं ब्येस लिवलाव. पन चंद्रावरच्याला रजा दिली नाय ते काय मला पटलं नाय. छापायच्या आदी द्या."

"दिली!" पद्मजा डोळे पुसत म्हणाली. "अनंत चतुर्दशीपर्यंत दिली!"